बॅट महागडी, पाय कच्चे!

परळी वैजनाथचे पालक मुलाला महागडी बॅट घेऊन देताना हात आखडता घेत नाहीत. त्याला पहाटे धावायला पाठवताना मात्र माया आडवी येते! बीडच्याच सचिन धस याने 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकात, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, 96 धावा काढल्या. त्यात 11 चौकार आणि 1 षटकार. म्हणजे उरलेल्या 46 धावा पळूनच काढलेल्या! दोन क्रीझमधील अंतर अवघे 58 फूट; पण तेवढ्यात झेपावणे, थांबणे, वळणे आले. नेटमध्ये उभे राहून हे कसे साधणार? त्यासाठी 20 मीटरच्या वेगवान धावा, मधे पुरेशी विश्रांती आणि आपल्या तालमीतल्या बैठका हव्यात. साहित्य म्हणाल तर चुन्याच्या दोन रेघा. त्यासाठी पहाटेची शिकवणी अर्धा तास पुढे ढकलणेही आपल्याला जमू नये?