सक्तीची हजेरी

इच्छेविरुद्ध आलेल्या माणसाचे समुपदेशन होऊच शकत नाही, हे मत आता इतके रुळले आहे की कधीकधी समुपदेशकही तेच ऐकवतात. उल्हासनगरच्या न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण चालू असताना दंडाधिकारी २००५ च्या कायद्यातील कलम १४ नुसार पती-पत्नीपैकी एकाला किंवा दोघांनाही समुपदेशकाकडे पाठवू शकतात. अंबरनाथ एमआयडीसीतली पाळी किंवा जीन्स कारखान्यातला रोज बुडवून आलेला नवरा कुरकुरणारच. ही कुरकुर दाबायची कशाला? पहिल्या बैठकीचा विषय तीच. ‘तुम्ही आला नसता तर काय झाले असते?’ एवढे विचारले, तर निदान या प्रश्नाला त्याला खोटे उत्तर द्यावे लागत नाही. शिवाय निखळ स्वेच्छेने येतो तरी कोण? दारू सोडायला आलेल्याच्या पाठीमागे बहुधा बायकोचा निर्वाणीचा इशारा किंवा साहेबाची नोटीस असते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये प्रेरणात्मक संवादाची पद्धत मांडली ती अशा मद्यपींबरोबरच्या कामातूनच. समोरचा जितका रेटतो तितका माणूस अडून बसतो, हे तिने हेरले.

यावर आकडे पुढे केले जातात. २००८ मध्ये पारहर आणि सहकाऱ्यांनी गुन्हेगारांवरील उपचारांचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. सक्तीचे उपचार निष्प्रभ, स्वेच्छेचे परिणामकारक, असे त्यांना दिसले. हा पुरावा झटकता येत नाही. मात्र हे अपयश विशेषतः बंदिवासातले होते, आणि समुपदेशनाला आलेला बदलापूरचा नवरा संध्याकाळच्या लोकलने घरी जातो. तेव्हा आदेश दाराबाहेरचा राहू द्यावा. आत बैठकीची वेळ आणि बोलण्याचा क्रम त्याने ठरवावा, अहवालात काय जाणार हे त्याला आधीच सांगावे.

मग मारणाऱ्याचे लाड होतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याचे उत्तर याच कायद्याखालील २००६ च्या नियमांतील चौदाव्या नियमात आहे: हिंसेचे समर्थन समुपदेशनात ऐकले जाणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीपूर्वीच सांगायचे. सक्तीवरचा राग ऐकून घ्या, मारहाणीची कारणे नकोत. पत्नीवरची सक्ती मात्र मला मान्य नाही. ‘संसार वाचवा’ म्हणणारे तिच्याभोवती आधीच पुरेसे असतात. तिने इच्छा व्यक्त केली असेल तेव्हाच तडजोडीचे प्रयत्न करावेत, अशीच या नियमाची भाषा आहे. ती नाही म्हणाली, तर समुपदेशकाने तसे लिहून द्यावे. कलम १४ ने पुढची तारीख दोन महिन्यांच्या आतच ठेवली आहे.