किमान वेतन आणि आपण

राज्य सरकारे किमान वेतनाचे दर राजपत्रात छापतात आणि कर्तव्य संपले असे मानतात. हा दर कोणत्या हिशेबावर उभा असावा, हे १९५७ सालीच पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने सांगून ठेवले आहे. कामगार, पत्नी व दोन मुले मिळून तीन माणसांचा आहार, प्रत्येकी २,७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती वगैरेंसाठी वेतनाचे २० टक्के. (वृद्ध आईबाप या हिशेबात कोठेच नाहीत, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.) १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण इत्यादींसाठी आणखी २५ टक्के धरावयास सांगितले.

याच्याशेजारी केंद्राने २०१७ साली सुचविलेला तळदर ठेवून पाहावा : दिवसाला १७६ रुपये, २६ दिवसांचे ४,५७६. तोही राज्यांवर बंधनकारक नव्हता! २०१९ च्या वेतन संहितेने तळदरास कायद्याचे बळ दिले, हे स्वागतार्हच होय. पण आकडा तुटपुंजा राहिला तर ते बळ काय कामाचे?

किमान वेतनाहून कमी देऊन राबविणे ही वेठबिगारीच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. तो आम्हां पांढरपेशांच्या दारापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. इमारतीच्या फाटकाशी बारा तास उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या हाती ठेकेदार किती टेकवतो, याची चौकशी किती सोसायट्या करतात? सर्वांत स्वस्त ठेका मात्र एकमताने मंजूर होतो. पुढल्या सभेत निदान ठेकेदाराचे पगारपत्रक मागवावे, असे आम्ही सुचवितो.