हृदयाची खतावणी

बँकेतील नोकरीने एक गोष्ट मनावर बिंबवली : खाते एका दिवसात बुडत नाही. आधी हप्ता लांबतो, मग व्याज थकते. ती पहिली खूण वेळेवर वाचणे, हेच खरे काम. प्रत्यारोपित हृदयाचेही तसेच आहे.

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदय-प्रत्यारोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. भारतात १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते यशस्वी केले. आज असे रुग्ण वर्षानुवर्षे जगतात, पण देखरेख मात्र कायमची असते. शरीर नव्या हृदयाला परकेच मानते. शिवाय शस्त्रक्रियेत मज्जातंतू तुटलेले असल्याने धोक्याच्या वेळी छातीत कळ येईलच, असे नाही.

म्हणून मानेतील शिरेवाटे नळी घालून हृदयस्नायूचा सूक्ष्म कण काढतात. ही बायॉप्सी. तिच्या जोडीला आता रक्तातील खुणा आल्या आहेत. स्नायूला इजा झाल्यास ट्रोपोनिन वाढते, हृदयावर ताण आल्यास बीएनपी. दात्याच्या हृदयपेशी नष्ट होताना त्यांचा डीएनए रक्तात उतरतो. त्याचे प्रमाण वाढले, तर नकाराची शंका घ्यावी लागते. प्रमाण कमी असेल, तर काही वेळा बायॉप्सी टळते. तथापि एकट्या आकड्यावर निर्णय होत नाही.

माझ्या परिचयातील एका व्यापारी गृहस्थांनी टॅक्रोलिमसच्या पातळीची तपासणी सकाळची गोळी घेऊन करवली. आकडा वाढीव आला. डॉक्टरांनी विचारले म्हणून बरे. अन्यथा मात्रा विनाकारण घटली असती आणि हृदय धोक्यात आले असते. हे रक्त सकाळच्या गोळीपूर्वी द्यायचे असते, गोळी त्यानंतर.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उद्भवतो. चौविहार पाळणाऱ्याने सायंकाळच्या गोळीचे काय करावे? ती स्वतःच्या मनाने चुकवू नये, पुढे-मागेही करू नये. नियम घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून वेळा ठरवाव्यात. उपवासाचेही तसेच.

एका अनोळखी कुटुंबाने ऐन शोकाच्या घडीला दिलेली ही ठेव आहे. तिचा हिशेब चोख ठेवणे, हीच तिची परतफेड.