घरगुती यंत्रशास्त्र : कॅमेऱ्याचा कान

गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत एका वाचक-भगिनीनें अशी पृच्छा केली आहे कीं, चिरंजीवांनीं हिमालयाच्या वाटेवर नेण्यासाठीं घेतलेला लहानसा ॲक्शन कॅमेरा कपाटांत पडून आहे. त्याच्या साहाय्यानें श्वशुरांच्या तोंडून घराण्याची हकीकत चित्रित करून ठेवण्याचा मानस आहे. चित्र उत्तम येतें, परंतु शब्द नीट ऐकूं येत नाहींत. तर या कॅमेऱ्यास बाहेरून मायक्रोफोन जोडतां येतो काय? येतो, असें एका शब्दांत उत्तर देऊन मोकळें होतां आलें असतें. परंतु हा एक शब्द शिकण्यासाठीं प्रस्तुत लेखकास जें गमवावें लागलें, तें सांगितल्यावांचून उत्तर पुरें होणार नाहीं.

आमच्या आत्याबाई राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत राहतात. त्यांच्या सासूबाईंकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांना पाठ आहेत. पण हातीं जात्याचा खुंटा असेल तरच. नुसतें बसून म्हणा म्हटलें, तर "अशी कशी आठवेल?" असें त्या उलट विचारतात. पीठ गिरणींतून येऊं लागल्यास कैक वर्षें लोटलीं, तरी माजघरांतलें जातें त्यांनीं हलवूं दिलेलें नाहीं. २०२२ च्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों असतां एके सकाळीं त्या आपण होऊन जात्यावर बसल्या. भाच्याचा 'गोप्रो हिरो ७ ब्लॅक' हा कॅमेरा बरोबर होता. मोठा कॅमेरा समोर आला कीं आत्याबाई पदर सांवरून फोटोला बसल्यासारख्या ताठ बसतात; म्हणून हें काड्यापेटीहून थोडेंच मोठें यंत्र भिंतींतल्या दिवळींत ठेवलें. त्याची दृष्टि इतकी रुंद कीं अख्खें माजघर तींत मावलें. पांच मिनिटांत आत्याबाई त्यास विसरल्या, आणि पाऊण तास गात राहिल्या.

पुण्यास येऊन पडद्यावर पाहूं लागलों तों सर्व कांहीं दिसत होतें. उजेडांत तरंगणारें पीठ दिसत होतें, खुंट्यावरचा सुरकुतलेला हात दिसत होता, आणि ओठ हलत होते. ऐकूं मात्र येत होती जात्याची घरघर. तिच्या तळाशीं कोठें तरी आत्याबाईंचा आवाज होता. एखादा शब्द वर येई आणि पुन्हां बुडे.

यांत यंत्राचा दोष म्हणावा तर तो थोडा. हा कॅमेरा पाण्यांत दहा मीटर खोलीपर्यंत चालावा म्हणून केलेला आहे. त्याचे मायक्रोफोन पाणी आंत येऊं न देणाऱ्या पातळ पडद्यामागें बसविलेले असतात. जुन्या हिरो ३ आणि हिरो ४ या जातींना तर पाण्यासाठीं सबंध प्लॅस्टिकची पेटीच घालावी लागे, आणि तींतून माणसाचा आवाज शेजारच्या खोलींतून यावा तसा येई. शिवाय हें यंत्र आवाजाची पातळी आपली आपण ठरवितें : शांतता झाली कीं कान टवकारतें, गोंगाट झाला कीं कान आवळून घेतें. जात्याच्या घरघरीनें त्यानें कान आवळला, तो आत्याबाईंसाठींही आवळला गेला. आपण मनुष्यें गोंगाटांतूनही हवा तो आवाज निवडून ऐकूं शकतों. हें काम कानापेक्षां बुद्धीचें आहे, आणि यंत्राच्या कानामागें ती बुद्धि नव्हती.

परंतु खरा शत्रु अंतर. मोकळ्यावर आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. दिवळी आत्याबाईंच्या तोंडापासून चार हात, म्हणजे आठ विती दूर होती. एका वितीवर जेवढा आवाज पोंचेल, त्याचा चौसष्टावा भागच तेथें पोंचणार. (बंद खोलींत भिंतींवरून आवाज परततो, त्यामुळें हिशेब इतका काटेकोर उतरत नाहीं, पण तो परतलेला आवाज शब्दांस स्पष्ट करण्याऐवजीं गढूळच करतो.) आणि जातें? तेंही चारच हात दूर. म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखीं दोघेंही सारखींच. मायक्रोफोन गळ्याखालीं एका वितीवर लावला, तर जातें त्याच्यापासून सुमारें तीन विती दूर राहतें, आणि केवळ तेवढ्यानें घरघरीच्या तुलनेंत गाण्याचें बळ नऊपट होतें. यासाठीं मायक्रोफोन महाग असावा लागत नाहीं; तो जवळ असावा लागतो.

बोलपटाच्या आरंभीं लोकांस हाच धडा घ्यावा लागला. १९३१ सालीं मुंबईस 'आलम आरा' तयार झाला, तेव्हां चित्रमंदिराशेजारून आगगाड्या जात, म्हणून बरेचसें चित्रण रात्रीं, गाड्या थांबल्यावर करीत. आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास दृष्टीआड दडवून ठेवीत. आज तो दडविण्यास मोठी जागा लागत नाहीं. बेल प्रयोगशाळेंतील वेस्ट व सेस्लर यांनीं १९६२ सालीं शोधलेल्या इलेक्ट्रेट पद्धतीमुळें मायक्रोफोन वाटाण्याएवढा झाला आणि स्वस्तही झाला.

आतां जोडणीकडे वळूं. येथें प्रथम आपला कॅमेरा कोणत्या पिढीचा तें पाहावें, कारण प्रत्येक पिढीचें दार निराळें. हिरो ३ व ४ यांस जुन्या मिनी-यूएसबी खांचेंत बसणारी एक आंखूड तार लागते. हिरो ५, ६ व ७ या ब्लॅक जातींस कंपनीचा एक 'माइक ॲडॅप्टर' लागतो. ही एक ठोकळेबाज डबी असून तिची शेपटी कॅमेऱ्याच्या कुशींतल्या खांचेंत जाते. २०१९ च्या हिरो ८ पासून 'मीडिया मॉड' नांवाची चौकट निघाली. तींत कॅमेरा बसविला कीं मायक्रोफोनचें भोंक तयार मिळतें. हिरो ८ ची चौकट निराळी. हिरो ९ ते १२ यांस एकच चालते. २०२३ च्या हिरो १२ ला तर बिनतारी ब्लूटूथ मायक्रोफोनही ऐकूं येतो. तारेचा जाच नाहीं, ही त्यांतील सोय खरी. पण आवाज टेलिफोनवरच्यासारखा थोडा चपटा येतो, आणि गाण्यासाठीं आम्हांस तो रुचला नाहीं.

आमचा कॅमेरा हिरो ७. ॲडॅप्टरची किंमत ऐकून कृपणपणा सुचला, आणि फोनला कर्णयंत्र जोडण्याची जी दोन बोटें लांबीची स्वस्त तार बाजारांत मिळते, ती एका दुकानदाराच्या भरंवशावर घेऊन आलों. ती खांचेंत बिनतक्रार बसली. कॅमेऱ्यानें मात्र तिची दखलच घेतली नाहीं. आपल्या अंगच्या कानांनींच तो पूर्ववत् ऐकत राहिला. हें घरींच उमगलें म्हणून बरें. वाचकांनीं हा मोह टाळावा.

दुसरी खोड प्लगची आहे. मायक्रोफोनच्या प्लगवर काळ्या कड्या असतात, त्या मोजाव्या. दोन असल्या तर तो कॅमेऱ्यासाठीं केलेला. तीन असल्या तर फोनसाठीं. दोहोंची जाडी एकच, साडेतीन मिलिमीटर, म्हणून चुकीचाही आंत जातो, आणि मग नुसती खरखर येते किंवा कांहींच येत नाहीं. कडी बदलून देणारा अंगठ्याएवढा जोड मिळतो. तो मायक्रोफोनबरोबरच घ्यावा.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याला सांगावी लागते. त्याच्या पसंतीच्या यादींत 'ऑडिओ इनपुट' म्हणून एक सदर आहे. तेथें स्टँडर्ड माइक, पॉवर्ड माइक आणि लाइन इन अशा खुणा असतात, व पहिल्या दोहोंस अधिकचिन्ह लावलेल्या आणखी दोन. इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या पोटांत एक चिमुकला वर्धक असतो, त्याला थोडी वीज लागते. कांहीं मायक्रोफोन ती स्वतःच्या बॅटरींतून घेतात, कांहींस ती खांचेंतून पुरवावी लागते. अधिकचिन्हाच्या खुणेनें आवाज मोठा होतो, पण त्याबरोबर सूं असा शीळसदृश नादही वाढतो. पुस्तकांत पाहून ठरवीत बसण्यापेक्षां प्रत्येक खुणेवर अर्धा मिनिट बोलावें, आणि बोलतांना त्या खुणेचेंच नांव उच्चारावें. मागाहून ऐकतांना कोणती बरी तें कॅमेराच सांगतो. या कॅमेऱ्याला चित्रण चालू असतां कानाला लावून ऐकण्याची सोय नाहीं. म्हणून ही परीक्षा आदल्या दिवशींच झाली पाहिजे. आणि कुशीचें दार एकदां उघडलें कीं पाण्यांतला पराक्रम संपला, हेंही ध्यानांत ठेवावें. अंगणांत पावसाच्या चार थेंबांतही मग त्यास छत्री हवी.

इतकें सांगून झाल्यावर पत्रलेखिका भगिनीस आमचा सल्ला असा कीं, त्यांनीं यांतील कांहींच विकत घेऊं नये. श्वशुर आरामखुर्चींत बसून बोलणार. कॉलरला अडकविण्याचा साधा, तीन कड्यांचा मायक्रोफोन घरांतल्या फोनला जोडावा. ज्या फोनला तसें भोंक उरलेलें नाहीं, त्यास आमची ती फसलेली स्वस्त तार बहुधा उपयोगी पडेल. फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशांत ठेवून ध्वनिमुद्रण चालू करावें, विमानाची खूण दाबून येणारे फोन बंद करावे, मग कॅमेरा चालू करावा आणि दोघांच्या समक्ष एक खणखणीत टाळी वाजवावी. संगणकावर चित्र आणि ध्वनि जुळवितांना तळहात ज्या चित्रांत मिळाले तें चित्र, आणि ध्वनीच्या रेषेंतला तो टोंकदार उंचवटा, हीं एकावर एक बसविलीं कीं काम झालें. चित्रपटांतील लाकडी फळी आपटतात ती याचसाठीं. दोन यंत्रांचीं घड्याळें तंतोतंत सारखीं नसतात, त्यामुळें तासाभराच्या भाषणांत ओठ आणि शब्द किंचित् फारकत घेतात. यावर उपाय सोपा : दर वीस मिनिटांनीं चहापाण्याच्या निमित्तानें थांबावें आणि पुन्हां टाळी वाजवावी. वृद्धांसही तेवढी विश्रांति हवीच असते.

आमच्या प्रसंगीं हा मार्ग चालला नसता असें नाहीं; पण पाऊण तासाचें गाणें अखंड हवें होतें, म्हणून ॲडॅप्टरच घेतला. त्यांतून वीजही देतां येते, हा त्याचा एक गुण आम्हांस फळला, कारण कॅमेऱ्याची बॅटरी तास-सव्वा तासांत दम टाकते. त्याच वर्षीं मार्गशीर्षांत पुन्हां कोंकणांत गेलों. मायक्रोफोन नऊवारीला कोठें लावावा, याचा विचार कोणत्याही माहितीपत्रकांत केलेला नसतो. पदरावर वरून लावला तर प्रत्येक झोंक्यासरशीं कापड त्यावर घांसतें. गळ्यांतली तुळशीची माळ त्यावर आपटते, ती निराळीच. अखेर सौभाग्यवतींनीं पदराचा कांठ एकदां आंत दुमडून, माळेच्या बाजूस, खांद्याच्या अलीकडे तो टांचला. माळ मागें सारली. तार पदराआडून कमरेपर्यंत आणून तेथें सैल वेढा देऊन खोंचली, म्हणजे पुढें-मागें होतांना ओढ मायक्रोफोनपर्यंत पोंचूं नये. उरलेली तार खुंट्यापासून दूर, भिंतीकडेनें नेली. वाऱ्यासाठीं मिळणारी केंसाळ टोपी आम्ही घातली नाहीं. बंद माजघरांत तिची गरज नव्हती. अंगणांत मात्र ती अवश्य घालावी, नाहीं तर साधी झुळूकही मुद्रणांत ढगांच्या गडगडाटासारखी येते.

आत्याबाईंनीं त्या काळ्या मण्याकडे बोट करून विचारलें, "हें ऐकणार?" मग थोड्या वेळानें गाऊं लागल्या. या खेपेस शब्द न् शब्द आला. जातें आहे, पण गाण्याच्या मागें, जेथें असावें तेथें. मधल्या महिन्यांत त्यांनीं कवळी बसवून घेतली होती. तिच्यामुळें कांहीं सकार शिटीसारखे येतात, तेही स्पष्ट आले आहेत.

परंतु वैशाखांत त्यांनीं म्हटलेल्या दोन ओव्या या वेळीं आल्या नाहींत. एक त्यांच्या माहेरच्या ओढ्याविषयीं होती आणि एक धाकट्या भावावर, इतकें त्या दिवशीं जवळ बसलेल्या आमच्या वहिनींस पक्कें आठवतें. आत्याबाईंना विचारलें तर म्हणाल्या, "मीं म्हटल्या होत्या? असेल." पुन्हां जात्यावर बसवून पाहिलें, नाहीं आठवल्या. वहिनींनीं ते पहिलें चित्र लावून, आत्याबाईंच्या ओठांकडे पाहत, मधूनमधून वर येणारे शब्द धरीत, ओढ्याची ओवी बहुतेक लावली आहे. तिसऱ्या चरणांतला एक शब्द अजून सांपडत नाहीं. भावाची ओवी म्हणतांना आत्याबाईंनीं जात्यांत दाणे टाकण्यासाठीं मान खालीं घातली होती, त्यामुळें तिचे ओठही दिसत नाहींत.