विद्यार्थ्यांचे दुकान व उधारीची वही

अलीकडे पुष्कळ शाळांतून वर्षातून एक दिवस 'आनंदनगरी' भरविण्याचा प्रघात पडला आहे. मुले घरून भेळ, वडे, सरबत घेऊन येतात. पालक व गुरुजन कौतुकाने ते विकत घेतात. छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी कोणास किती नफा झाला ते ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते. विद्यार्थ्यांस व्यवहारज्ञान मिळावे हा यामागील हेतू स्तुत्यच आहे. परंतु सामान आईच्या फडताळातले, श्रम तिचेच आणि गिऱ्हाईक सख्खा मामा. मग नफा मोजावयाचा तो कशातून? शिवाय या बाजारास दुसरा दिवस नाही. ज्या धंद्यास उद्या नाही, त्यास धंदा म्हणावयास आम्ही तयार नाही.

आमचे हे मत पुस्तकी नव्हे. सन 1972 च्या पावसाळ्याच्या आरंभी परभणी जिल्ह्यातील गंगाखेड येथे आम्ही नववीच्या काही मुलांनी वह्या-पेन्सिलींचे दुकान काढले होते. प्रत्येकाचा भाग एक रुपयाचा. शाळेने दिले ते एक लाकडी कपाट व त्याचे कुलूप. किल्ली मात्र आमच्याजवळ असे, आणि साऱ्या गोष्टीचे मर्म त्या किल्लीत होते असे आज वाटते. दर पंधरवड्यास आमच्यापैकी दोघांनी मीटरगेज गाडीने परभणीस जावे, ठोक दुकानातून दोनरेघी वह्या, टाकाची निबे, रबरे, शाईच्या वड्या आणाव्या व गाडीभाडे मालाच्या किमतीत धरून विक्रीचा भाव ठरवावा, असा क्रम होता. वड्या दमट हवेत ओल धरतात, यास्तव त्या पावसाळ्यात थोड्याच आणाव्या; परीक्षेच्या आधी आठ दिवस कोऱ्या कागदाचे दस्ते हाताशी असावे; हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात लिहिलेले नव्हते. रोजकीर्द व खतावणी यांतील भेद मात्र आम्हांस गणिताच्या गुरुजींनी शिकविला. महिन्याअखेर ते वही तपासीत, एरवी कपाटाकडे फिरकतही नसत.

याच गुरुजींनी आम्हांस रॉचडेलची हकीकत सांगितली होती. इंग्लंडातील त्या गावी सन 1844 च्या डिसेंबरात काही विणकर व इतर कारागिरांनी आपापले भाग एकत्र करून लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या अशा मोजक्या मालाचे दुकान मांडले. जगभरच्या सहकारी चळवळीत त्यांचे नियम पुढे आदर्श मानले गेले. त्यांत एक कडक नियम असा की, व्यवहार रोखीचा, उधार कोणासही नाही. आम्हीही पुठ्ठ्यावर 'आज रोख, उद्याही रोख' असे लिहून कपाटास चिकटविले, आणि त्याचा आम्हांस अभिमान होता.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. खरीप गेले, रब्बीची आशा राहिली नाही, आणि मराठवाड्यात गावोगावी दुष्काळी कामे निघाली. आमच्या सोबत्यांचे आईबाप खडी फोडावयास जाऊ लागले. घरी लाल मिलो, कामावर सुकडी. मजुरी हप्त्याने मिळे, व तोही हप्ता पुष्कळदा लांबे. वही संपलेला मुलगा वर्गात पाटीवर लिहू लागला, तेव्हा कपाटावरचा पुठ्ठा आम्हांस बोचू लागला.

भागीदारांची सभा भरली आणि कडाक्याचा वाद झाला. एक पक्ष म्हणे, उधार दिल्यास महिन्यात दुकान बुडेल, मग वही कोणासच मिळणार नाही. दुसरा म्हणे, वही विकत घेता येत नसेल त्याच्यासाठी दुकान नसले काय नि असले काय! दोन्ही बाजू खऱ्या होत्या. अखेर ठरले ते असे: उधार फक्त वहीची, निबे-रबरांची नव्हे, एकावर एक रुपयाहून अधिक चढू द्यावयाची नाही, आणि देणेकऱ्यांची नावे कोणी मोठ्याने वाचावयाची नाहीत. हे तिसरे कलम चौदा वर्षांच्या पोरांस सुचले, याचे आम्हांस आजही नवल वाटते. हप्ता झाला की मुले आपण होऊन पैसे आणून देत. काही कुटुंबे पोटासाठी पुण्या-मुंबईकडे निघून गेली. त्यांच्याकडील बाकी आम्ही मताने 'बुडीत' लिहिली, व तेवढ्याने त्या वर्षीचा सारा नफा गेला. भांडवल मात्र शाबूत राहिले.

मुलांच्या हाती पैसा दिल्यास त्यांची वृत्ती द्रव्यलोभी होते, असा आक्षेप सुविद्य पालकही घेतात. त्यांनी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण पाहावे. तरुणपणी किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडलेल्या या पुरुषाने सन 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि श्रम करून शिकण्याची वाट हजारो गरीब मुलांस खुली केली. त्यांतून निघाले ते लोभी निघाले असे कोणी म्हणत नाही. शुभवर्तमानातील दृष्टांतही येथे ध्यानात घ्यावा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धनी आपल्या दासांवर द्रव्य सोपवून दूरदेशी जातो. तो त्यांच्या मागे उभा राहत नाही, हे आम्हांस विशेष वाटते. जमिनीत पैसा पुरून ठेवणाऱ्यास त्याने दोष दिला. आमच्या कित्येक शाळांतील 'विद्यार्थी भांडार' शिक्षकाच्या खिशातील किल्लीने उघडते व मिटते. तोही पुरून ठेवण्याचाच प्रकार नव्हे काय?

यास्तव आमची सूचना साधी आहे. जूनमध्ये एका वर्गास कपाट व किल्ली द्यावी, भाग मुलांनीच गोळा करावे, महिन्यातून एकदा वही तपासावी व एप्रिलात हिशेब मिटवून भाग परत करावे. उधार द्यावी की न द्यावी, हे मुलांस भांडून ठरवू द्यावे. आनंदनगरीच्या मंडपास व ध्वनिक्षेपकास जो खर्च येतो, त्यात कपाट येऊन वर चांगले कुलूपही येईल.