नक्कल करावी, पण कोणाची?



दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे मी एक इंग्रजी सिनेमा पाहिला. त्याचे नाव 'स्पेसबॉल्स'. तो अमेरिकेत १९८७ साली निघाला. दिग्दर्शक मेल ब्रुक्स. मला इंग्रजी सगळे कळत नाही, म्हणून मामा मधूनमधून थांबवून सांगत होता. तरी हसून हसून माझे पोट दुखले.

त्याच्या दहा वर्षे आधी, १९७७ साली, जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' आला होता. त्यात अंतराळातली लढाई आणि काळा टोप घातलेला दुष्ट सरदार आहे. लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. 'स्पेसबॉल्स' ही त्याचीच नक्कल. इथल्या सरदाराचा टोप एवढा मोठा, की बिचाऱ्याला आत श्वास घेता येईना! सुरुवातीला त्यांचे यान पडद्यावरून जाऊ लागते. ते जाते, जाते, अन् संपतच नाही! 'कसून शोधा' याला इंग्रजीत 'विंचरा' असेही म्हणतात. तर वाळवंट विंचरायचा हुकूम सुटतो आणि शिपाई खरोखरच भली मोठी फणी वाळूतून ओढत नेतात.

काहीजण म्हणतात, नक्कल म्हणजे टवाळी, ती वाईटच. मला हे पटत नाही. चांगली नक्कल करायला मूळ गोष्ट नीट पाहावी लागते, ती आवडावीही लागते. ब्रुक्स यांनी आधी लुकास यांना विचारले होते. लुकास यांनी परवानगी दिली. अट एकच : या सिनेमाची खेळणी विकायची नाहीत.

दुसरे असे, की या सिनेमात हसू होते ते बड्या लोकांचे. स्पेसबॉल ग्रहावरच्या लोकांनी आपली सगळी हवा उधळून टाकली, म्हणून ते शेजारच्या ग्रहाची हवा चोरायला निघतात. त्यांचा अध्यक्ष डब्यातली हवा हुंगत बसतो! हा मूर्ख अध्यक्ष झाला आहे कोण? स्वतः मेल ब्रुक्स. म्हणजे त्यांनी स्वतःलाही सोडले नाही.

आता आपल्या वर्गाकडे वळू. मला 'र' नीट म्हणता येत नाही, हे सर्वांस माहीत आहे. मधल्या सुट्टीत माझी नक्कल होते. सगळे हसतात. मीपण हसल्यासारखे करते. पण दोन महिने झाले, कविता म्हणायला मी हात वर केलेला नाही. गुरुजींना वाटते मी अभ्यास करत नाही. आईला वाटते मी लाजते. खरे कारण आज इथे लिहिले.

ज्याच्या हातात सत्ता आहे, जो उगीच मिरवतो, त्याची नक्कल केली तर त्याचा टोप थोडा हलतो, एवढेच. पण जे कोणाच्या हातात नाही त्याची नक्कल केली, तर त्याचे तोंडच बंद होते. दोन्हीकडे हसू सारखेच ऐकू येते, म्हणून आपल्याला फरक कळत नाही.

नक्कल बंद करा असे मी म्हणत नाही. उलट स्नेहसंमेलनात आपण अंतराळाचे नाटक बसवू. दुष्ट सरदार मी होणार. डोक्यावर आमचे घमेले घेईन. संवादात 'र' कितीही येऊ देत, मी म्हणेन. तेव्हा पोटभर हसा.

तुम्हांला काय वाटते? फळ्याखालच्या पेटीत चिठ्ठी टाका.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी