डॉक्टर पुन्हा विद्यार्थी झाल्या!

दिवस भरण्याआधीच जन्मलेलं बाळ. पहिलं रडणं ऐकून आई निर्धास्त होते आणि थोड्याच वेळात बाळ कण्हायला लागतं. नाकपुड्या फुलतात, प्रत्येक श्वासागणिक छाती आत ओढली जाते, ओठ निळे पडतात... पन्नासच्या दशकात भल्याभल्या इस्पितळातले डॉक्टरही अशा बाळापुढे हात टेकायचे. दोन-तीन दिवसांत बाळ आपलं आपण सावरायचं, नाही तर जायचं. शवचिकित्सेत फुप्फुसात काचेसारखा पापुद्रा दिसायचा. तोच बाळाला गुदमरवतो, अशी समजूत. मग हा पापुद्रा आला कुठून, यावर डोकेफोड चालायची.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकलेल्या डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी अशी बाळं डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती. १९५२ साली डॉक्टर झाल्या झाल्या खुद्द त्यांनाच क्षयानं गाठलं होतं. फुप्फुसांचं कुतूहल तेव्हापासूनचं. बालरोगाचं शिक्षण झालं, आता हात मोकळे. एखादी असती तर दवाखान्याची पाटी लावून बसली असती. (आपल्याकडे तर मुलगा एमडी होण्याआधीच घरचे गाळा बघायला लागतात!) पण १९५७ साली डॉ. एव्हरी सरकारी फेलोशिप घेऊन बॉस्टनला गेल्या. तिथे हार्वर्डमध्ये डॉ. जेरे मीड श्वसनाचं यंत्रशास्त्र शिकवायचे. श्वास घ्यायला दाब किती लागतो, हवा किती मावते, याचा हिशेब. म्हणजे बाळांची डॉक्टर चक्क भौतिकशास्त्राच्या वर्गात!

तिथे त्यांना भेटला साबणाचा फुगा. आपल्या फुप्फुसात हवेच्या कोट्यवधी चिमुकल्या पिशव्या असतात. आतून ओल्या. हा ओलावा पृष्ठताणामुळे पिशवी मिटवायला बघतो आणि पिशवी जितकी छोटी तितकी ओढ जास्त. तरीही श्वास सोडल्यावर त्या मिटत नाहीत. का? मेरीलँडमधल्या लष्करी संशोधन केंद्रात डॉ. जॉन क्लेमेंट्स विषारी वायूंचा फुप्फुसांवरचा परिणाम तपासत होते. फुप्फुसातच साबणासारखं काम करणारा, हा ताण कमी करणारा पदार्थ असतो, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. डॉ. एव्हरींनी त्यांना गाठलं, त्यांचा ताण मोजायचा तराजू समजून घेतला आणि बॉस्टनला परतून तसाच बनवला.

आता वॉर्डातला अनुभव कामी आला. निरोगी फुप्फुसातून फेस निघतो, या बाळांच्या फुप्फुसात तो नसतो! त्या आजारानं गेलेल्या आणि दुसऱ्या कारणांनी दगावलेल्या बाळांची फुप्फुसं त्यांनी ताडून पाहिली. १९५९ साली एव्हरी आणि मीड यांचा निबंध छापून आला. बाळाच्या फुप्फुसात नको ते काही आलेलं नसतं, हवं ते तयारच झालेलं नसतं. म्हणजे इतकी वर्षं शोध उलट्या दिशेनं चालला होता.

कारण कळलं म्हणून औषध लगेच मिळालं नाही. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक अवघ्या दोन दिवसांचा असताना याच आजारानं गेला. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिल्यास फायदा होतो, हे दाखवलं. १९८० साली जपानच्या डॉ. फुजिवारांनी १० बाळांच्या फुप्फुसात बाहेरून हा पदार्थ, म्हणजे सर्फॅक्टंट, सोडला.

डॉ. एव्हरींना मिळाली तशी सवड अमेरिकेत आजही मुद्दाम राखून ठेवावी लागते. संशोधनाकडे वळणाऱ्या तरुण फुप्फुसतज्ज्ञांना सरकारी अनुदान मिळतं, पण वेळेचा पाऊण हिस्सा संशोधनालाच द्यायचा, अशी साधारण अट असते. ही अट नसेल तर रुग्णांच्या रांगेपुढे प्रयोग नेहमीच उद्यावर जाणार. पेशंटला नाही म्हणणं कुठल्या डॉक्टरला जमतं?

२०२० साली एकट्या भारतात सुमारे ३० लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली. आपल्याकडच्या सुसज्ज एनआयसीयूतही आता फ्रिजमध्ये सर्फॅक्टंटच्या छोट्या बाटल्या असतात. गरज पडली की नर्स एक बाटली काढते, तळहातात धरून कोमट करते. मग ते दुधट पांढरं औषध नळीवाटे बाळाच्या फुप्फुसात जातं.